जमिनीवर निजणारे बस्त्याव मेस्त्री

बस्त्याव मेस्त्री जमीन पुरी झाली असं कधी तोंडानं सांगत नसत. ते तिच्यावर झोपत.

दुपारची पेज झाली की सदरा काढून खुंटीला अडकवायचा, छातीवर बोटांनी क्रूस काढायचा आणि तेल पाजलेल्या त्या मातीच्या जमिनीवर तसंच आडवं व्हायचं. चटई नाही, उशी नाही, डोक्याखाली स्वतःचाच हात. अर्धा तास. चांगले घोरायचेसुद्धा. उठले की जवळ जो कुणी असेल त्याच्याकडे पाठ करून विचारायचे, "बघ रे, काय लागला?" पाठीला माती लागली असेल तर जमीन अजून तहानलेली. तेल लागलं असेल तर अजून ओली. काहीच लागलं नसेल, तर मग पालथे होऊन नाक जमिनीला टेकवायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. त्यानंतर सदरा चढवून मालकाला सांगायला जायचे, तेही दोन शब्दांत: "निजलंय मी."

नव्या मालकांना वाटायचं, म्हातारा कामावर झोपा काढतो. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना काही आजार आहे का म्हणून.

मेस्त्री गेले त्याला दोन पावसाळे झाले. मी लिहिणारी बाई नाही. आठवी झाली आणि माझी शाळा सुटली, त्यानंतर वही हातात आली ती दुकानातल्या यादीपुरती. पण आता लोक मी केलेल्या मातीच्या जमिनी बघायला येतात, हात फिरवतात आणि विचारतात, "ताई, वरून कुठलं तेल लावलंय? पॉलिश आहे का?" मी उत्तर द्यायला लागते आणि दुसऱ्याच वाक्याला मेस्त्री मध्ये येतात. दर वेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

मी वर्ध्याकडची. नवरा ट्रॅक्टर चालवतो. तोंडवलीला विलासदादांनी मुंबईची नोकरी संपवून आपल्या वाडीत पाहुण्यांसाठी मातीच्या खोल्या बांधायला घेतल्या होत्या, त्या कामावर तो आला आणि मागोमाग मी आले. खोल्या सहा व्हायच्या होत्या. आम्हाला राहायला मागच्या बाजूला एक खोली दिली होती. मी माती तुडवायची, घमेली वाहायची. इथली बोली कानावर पडायची ती पाण्यासारखी वाहून जायची. कुणी "खंय गेल्लंस गो?" म्हणजे कुठे गेली होतीस, एवढंच विचारलं तरी मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. उद्या परत पाठवतील, हा एकच विचार डोक्यात. झोप अशी लागायचीच नाही. दिवसा तर डोळा मिटायची हिंमतच नव्हती.

अशात एक दिवस मेस्त्री सावलीत उकिडवे बसलेले दिसले. सत्तरीच्या घरातले, काळे, वाळलेले, गुडघ्यापर्यंत चड्डी. समोर स्टीलच्या दोन वाट्या. दोन्हींत पिवळं तेल. एका वाटीत करंगळीचं टोक बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे. मग दुसरी. मी घमेलं घेऊन जात होते.

"गो, तू खंयची?"

"वर्ध्याची."

"थंय जवस होता मा?"

"होतो ना. आम्ही चटणी करतो त्याची."

"चटणी?" त्यांनी वर बघितलं. "म्हंजे तुका चव म्हायत आसा. ये, बस. ह्यातला बरा खंयचा ता सांग. माका आता जीभ फसवता."

मी हात पदराला पुसले आणि चाखलं. पहिल्या वाटीतलं गोडसर, भाजल्या दाण्यासारखं लागलं. आमच्याकडे घाण्यावरून नवं तेल आणलं की माय भाकरीवर घालून द्यायची, तसंच. दुसरं कडवट, घशात धरणारं. "हे शिळं आहे," मी म्हटलं.

मेस्त्रींनी दुसरी वाटी विहिरीच्या रहाटाच्या कण्यात ओतली. "उद्यापासून माती व्हावची नाय. माझ्या वांगडा ये."

एखादी चव ठाऊक आहे म्हणून कुणी कामावर घेतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी त्यांची 'वर्धेकरीण'.

मेस्त्री मुळात होड्यांचे सुतार. बापही होड्यांचाच. लाकडी होडीला दर वर्षी तेल पाजावं लागतं, नाहीतर खारं पाणी तिला खातं. कुठलं तेल लाकडात किती शिरतं, कुठलं वरच बसून राहतं, कशानं हात भाजतो, हे सगळं त्यांना तिथून आलेलं. जवसाचं तेल त्यांना इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाकांनी शिकवलं. तरुणपणी गोव्याचा एक म्हातारा सुतार इथल्या इगर्जीतली बाकं घासून त्यांना ते तेल पाजत होता आणि बस्त्याव त्याच्या हाताखाली होते. पुढे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. "फायबर तेल पियणा नाय," मेस्त्री म्हणायचे. एवढ्यात त्यांची पंधरा-वीस वर्षं आटपायची. त्या वर्षांत त्यांनी काय केलं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मग मातीची घरं बांधायची हौस शहरातून आली. त्या घरांच्या जमिनी पाहुण्यांच्या बॅगांच्या चाकांनी उखडायला लागल्या आणि कुणाला तरी मेस्त्रींची आठवण झाली.

जमिनीबद्दल ते एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. चोपून, घोटून, आठ-दहा दिवस सुकवून जमीन तयार झाली की तेल कोमट करायचं आणि फडक्यानं पाजायचं. "पिता ती. आपण खाली वाढूचा." पहिला हात दोन मिनिटांत गडप होतो. दुसरा जरा सावकाश. चौथ्या-पाचव्या हाताला तेल वर थांबायला लागतं. "आता तिचा पोट भरला. उरला ता पुसून काढ, नायतर चिकटतला." किती हात द्यायचे, असं मी विचारलं की उत्तर एकच: "तिका इचार."

त्यांच्या घराच्या पडवीत भिंतीला लागून विटेएवढ्या मातीच्या लाद्या मांडलेल्या असायच्या. प्रत्येकीवर वेगळं तेल. मेस्त्री दुसरी शिकलेले. वाचायला नको म्हणून कोपऱ्यात खिळ्यानं चित्र काढलेलं. नारळाला गोल, माशाला मासा, काजूला काजू. नारळेलाची लादी महिना झाला तरी तेलकटच होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग. कोकमाच्या तेलाची थंडीत छान कडक झाली, चैत्रात पाय ठेवला तर मऊ. उंडीच्या तेलाची बरी होती, पण वासानं डोकं चढायचं. जवसाची चार वेगवेगळी चित्रं होती. ती चार तेलं कशी निराळी, ते पुढे येईलच.

माशाच्या लादीची गोष्ट फिलूमाय सांगायच्या. फिलूमाय म्हणजे मेस्त्रींची बायको. ठेंगणी, मोठ्या आवाजाची. मेस्त्रींच्या डोक्यात आलं की होड्यांना चोळतात ते तारलीचं तेल जमिनीवरही कडक वाळेल. लादीवर वाळलंही. मग घराच्या ओसरीवर लावून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली यच्चयावत मांजरं ओसरीवर. बसली नाहीत, चाटत राहिली. फिलूमाय पेजेचं भांडं घेऊन बाहेर आल्या तर पाय ठेवायला जागा नाही.

"ह्या घरात एकतर मी रवतलंय, नायतर तुमचा तेल!"

मेस्त्री दाराला टेकून मांजरं मोजत होते. "इख नसा, एवढी खात्री झाली," म्हणाले. "नऊ मांजरां चाटून गेली, एकव मेला नाय."

हसण्यावारी गेलं, पण त्यांचा हिशेब तोच होता. त्यांची जमीन कुणीतरी चाटणार, असं धरूनच ते चालायचे. रांगतं पोर तोंड टेकवतं, सांडलेला भात उचलून खातं, म्हातारं माणूस अंथरुणावरून घसरून रात्रभर तिथेच पडतं. म्हणून जे तेल जमिनीला, ते आधी जिभेला. पीत नसत, करंगळीचं टोक फक्त. जे चाखायची आपली छाती होत नाही ते जमिनीला घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. डॉक्टरला हा कायदा पटला नसता. मेस्त्रींनी डॉक्टरला विचारलंही नव्हतं.

विलासदादा एकदा वेंगुर्ल्याहून काजूच्या टरफलाच्या तेलाचा कॅन घेऊन आले. काळंकुट्ट, दाट. एकदम खुशीत होते.

"मेस्त्री, ह्या बघा. वाळवी लागणा नाय, रंग कसो काळोभोर येतलो! आणि झाडाचा. नैसर्गिक!"

मेस्त्रींनी झाकण उघडलं आणि कॅन त्यांच्या पुढ्यात सरकवला. "नैसर्गिक आसा मा? मगे बोट घाला."

दादांनी बोट घातलं नाही. त्या तेलानं कातडी जळते हे या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्या क्षणी ते विसरले होते.

"माझी आवस काजी फोडूक जाय," मेस्त्री सांगायला लागले. "बोटां राखेत बुडवन फोडायची, तरी कातडी सोलान जाय. आमका भरवताना ती कलथ्यान भरवी. हातान कधी भरवल्यान नाय." मग झाकण लावलं. "होडयेक चलात. पोरां होडयेत रांगणत नाय."

दादा कॅन उचलून गेले.

फडक्यांचंही त्यांचं एक होतं. तेलाची फडकी काम झाल्यावर गोळा करून टाकायची नाहीत. एकेक सुटं करून, पिळून, दोरीवर वाळत घालायचं. बांगडे सुकवतात तशी त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फडक्यांची माळ लागलेली असायची. मला आधी तो म्हातारपणाचा चाळा वाटला. एकदा घाईत मी सात-आठ फडकी बोळा करून गोणपाटात टाकली. जेवून आले तर मेस्त्री गोणपाट उलटं करून बसलेले. त्यांनी मधला बोळा माझ्या हातात दिला आणि मी तो टाकूनच दिला. तव्यावरून काढल्यासारखा गरम! विस्तव नाही, ऊन नाही. जवसाचं तेल वाळताना आपोआप तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर निघत नाही. "आणखी एक तास गेलो असतो तर धूर," ते म्हणाले. रागावले नाहीत. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस दोरीवरची फडकी मोजत होते.

आता त्या चार जवसांचं. घाण्याचं कच्चं तेल जमिनीला उत्तम, पण वाळायला फार वेळ घेतं. समुद्राकाठी तर हवेतच पाणी. म्हणून मेस्त्री ते उन्हात पिकवायचे. मार्च लागला की त्यांच्या खळ्यात पसरट पराती मांडल्या जायच्या, प्रत्येकीत दोन बोटं तेल, वर काच, काचेखाली वारा जायला काडी. रोज सकाळी ढवळायचं. पाच-सहा आठवड्यांत तेल मधासारखं दाट व्हायचं आणि मग ते लावल्यावर लवकर धरायचं. एक आठवड्याचं, तीन आठवड्यांचं, सहा आठवड्यांचं आणि कच्चं, अशी ती चार चित्रं. दुकानात डब्यात मिळतं ते 'लवकर वाळणारं' जवसाचं तेल या चारांत नव्हतं. त्यात वाळवायला कसली कसली धातूची औषधं घालतात, हे त्यांना रंगाऱ्यांकडून कळलेलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर विलासदादांची लेक मानसी पुण्याहून येणार होती, दहा महिन्यांचं बाळ घेऊन, चार महिने राहायला. बाळ नुकतं रांगायला लागलेलं. पुढची मोठी खोली तिच्यासाठी. त्या जमिनीला मेस्त्रींनी तीन हात दिले आणि त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कुडाळला जायचं, मग लेकीकडे आठवडाभर राहायचं.

जाताना त्यांनी मला पिकवलेल्या तेलाचा डबा दिला. "दोन हात रवले. एक मंगळवारी, एक त्येच्या फुडच्या आयतवारी. मधी पुसून काढ. घाई नको. तिका इचार."

मंगळवारी मी पहिला हात दिला. बुधवारी ओलं. गुरुवारी ओलं. पाऊस जाऊनही हवा कोंदट होती आणि मी बहुतेक पुसताना कमी पडले होते. तळवा टेकवला की चिकटायचा. गुरुवारी संध्याकाळी विलासदादा आले, चपला काढून आत गेले आणि मधोमध त्यांच्या पायाचा ठसा उमटला.

"हे काय?" माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलायचे. "मानसी ठरल्यापेक्षा आधी, या शनिवारीच येतेय. बाळाला इथे ठेवायचं कसं?"

मी फडकं घेऊन तो ठसा पुसायला लागले.

"उद्यापर्यंत झालं नाही तर मी कुडाळहून लादीवाल्याला बोलावतो. एका दिवसात काम. आणि मग बाकीच्या पाच खोल्यांतही लाद्याच घालतो. हा चिकचिकाट मला परवडणार नाही." बाहेर जाताना त्यांनी उंबऱ्यात एक डबा ठेवला. "हेही जवसाचंच आहे. दुकानदार म्हणाला, रातोरात वाळतं. मेस्त्रींना कशाला सांगायला हवं?"

पाच खोल्यांत लाद्या म्हणजे आम्हाला काम नाही आणि मागची खोलीही नाही. मेस्त्रींचंही काम गेलं. मला दुसरं काही सुचेना. मी चिकट जमीन फडक्यानं कोरडी करून घेतली आणि डबा उघडला. वास नाकात गेला तो आमच्या जवसाचा नव्हता. सवयीनं करंगळी पुढे गेली. तेलाच्या वर बोटभर अंतरावर थांबली. मी ती मागे घेतली आणि फडकं बुडवलं.

सकाळी जमीन आरशासारखी. कोरडी खडखडीत. विलासदादांनी पहिल्यांदा माझं नाव घेऊन म्हटलं, "सुनंदाताई, याला म्हणतात काम!" मी बाहेर जाऊन दोरीवरची फडकी मोजली.

त्याच दुपारी मेस्त्री आले, दोन दिवस आधीच, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा लावून. लेकीकडे करमेना म्हणाले. खोलीत उभे राहून त्यांनी जमीन बघितली. सदरा काढला, क्रूस काढला, आडवे झाले. मी दारात.

घोरणं ऐकू आलं नाही. पाच मिनिटंही झाली नसतील, ते उठून बसले. पालथे झाले, डोळ्याच्या ऑपरेशनमुळे वाकायला मनाई असूनही. नाक टेकवलं. मग गुडघ्यांवर, हातांवर, रांगत रांगत खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन आले.

"वर्धेकरणी, ह्या तेल आपला न्हय."

मी सगळं सांगितलं. डबा, लादीवाला, मागची खोली. ते ऐकत होते. सगळं झाल्यावर एकच विचारलं.

"चाखलंस?"

"नाही."

"कित्याक?"

"मले भेव लागलं," मी म्हटलं. घाबरले की माझी बोली बाहेर पडते.

"म्हंजे तुका म्हायत होता," मेस्त्री म्हणाले.

एवढंच. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीही, त्यांनी हे वाक्य दुसऱ्यांदा काढलं नाही.

शनिवारी मानसी आली. बाळ कडेवर. विलासदादा तिला खोली दाखवायला घेऊन आले, तर दारात मेस्त्री स्टुलावर बसलेले. त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. "माका वाचूक येणा नाय, डोळोव बांधलेलो. तू वाच. मागे बारीक लिवलला आसा ता."

मी आठवी शिकलेली. मला वाचता येत होतं, गुरुवारीही येत होतं. डब्यामागे हिंदीत बारीक अक्षरांत होतं ते मी मोठ्यानं वाचलं: मुलांच्या हाती लागू देऊ नये, वाफ श्वासात घेऊ नये, त्वचेला लागल्यास धुवावं. बाळ हात पुढे करून डबा मागत होतं.

"लावलं कुणी हे?" मानसीनं विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेस्त्री म्हणाले, "आमी घातलंव. आमीच काढतलंव. महिनो-दीड महिनो लागतलो."

विलासदादा जमिनीकडे बघत होते. डबा कुणी आणला हे त्यांनाही ठाऊक, मलाही, आणि मी सांगितल्यापासून मेस्त्रींनाही. पण मेस्त्री त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"बाबा, राहू दे," मानसी म्हणाली. "आम्ही आतल्या घरात राहू. घाई कुणाला आहे?"

लादीवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पत्र्याच्या पट्ट्यांनी आणि फुटक्या काचांनी मी आणि माझ्या नवऱ्यानं ती जमीन खरवडली. बाळाला त्या बाजूला फिरकू दिलं नाही, आम्ही नाका-तोंडाला फडकी बांधली. मेस्त्रींना वाकायचं नव्हतं, ते दारातून बोटानं दाखवायचे: "थंय चकाकता अजून. काढ." खालची निरोगी माती लागेपर्यंत काढलं. पुन्हा वारुळाची माती, शेण, पुन्हा चोपणं, गोट्यानं घोटणं. मग पिकवलेलं तेल, एक हात, आठ-दहा दिवस खिडक्या उघड्या, पुन्हा एक हात. मी रोज तळवा टेकवायची. शेवटी मधमाश्यांचं मेण चोळलं. नाताळ होऊन गेला तेव्हा मेस्त्री तिच्यावर झोपले. पूर्ण अर्धा तास. मी पाठ बघितली. काही नव्हतं.

मानसी बाळाला घेऊन आली आणि खाली ठेवलं. बाळानं भिंत धरली, उभं राहिलं, आणि भिंत सोडून तीन पावलं टाकली.

विलासदादा हसायला लागले. "घ्या, मेस्त्री! जेच्यासाठी जमीन केलास तो चलाक लागलो!"

"पडतलो मा?" मेस्त्री म्हणाले.

बाळ तेवढ्यात पडलं. तोंडावरच. रडलं नाही. जमिनीला गाल लावून पडून राहिलं आणि जीभ बाहेर काढून एकदा चाटलं. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ते हसत होते. काळा चष्मा तेव्हा नव्हता, पण त्यांचं हसू तोंडावर यायला वेळ लागायचा.

पुढच्या दीड वर्षात आम्ही बाकीच्या पाच खोल्या केल्या. शेवटच्या दोन खोल्यांना मेस्त्री फक्त बसायला येत. गुडघे गेले होते. मग येणंही थांबलं. मी त्यांच्या घरी जाऊन पराती ढवळायची, फडकी वाळत घालायची, आणि फिलूमाय मला पेज दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

वाडीच्या दुसऱ्या टोकाला एका घराची जमीन मला एकटीला मिळाली. तेल मीच निवडलं, मीच पाजलं. सहा आठवड्यांचं जवस, शेवटी मेण, आणि घरात दम्याची म्हातारी होती म्हणून पातळ करायला वासाचं काहीही घातलं नाही, नुसतं कोमट करून भागवलं. त्यानं तीन आठवडे जास्त गेले. पुरं झालं असं मला वाटत होतं, पण सांगायचं कसं? मी मेस्त्रींना निरोप धाडला.

दुपारी रिक्षातून आले. चपला उंबऱ्याच्या एक पाऊल आधीच काढल्या, नेहमीसारख्या. मी खुर्ची ठेवली. बसून त्यांनी पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, पुढे-मागे घासले. चाखायला वाटी मागितली, मी दिली. जिभेवर बराच वेळ ठेवलं.

"माका आता खाली जावक जमणा नाय," म्हणाले. "तू निज."

"मी?"

"मगे कोण? मी काय खुर्चीर निजू?"

घरची माणसं आतल्या खोलीत होती. परक्याच्या घरात, भर दुपारी, मेस्त्रींसमोर आडवं व्हायचं म्हणजे मला घाम फुटला. मला दिवसा झोप येत नाही, मी म्हटलं. "येतली तर कळतला," ते म्हणाले आणि खुर्ची दाराकडे वळवून पाठ करून बसले.

मी पदर नीट केला आणि कुशीवर झाले. गाल जमिनीला. गार होती. वास आला तो अगदी थोडा, दाणे भाजल्यासारखा. माय भाकरीवर तेल घालतेय असं काहीतरी डोक्यात आलं. पाच खोल्या, मागची खोली, दोरीवरची फडकी, काय काय मोजत होते, त्यातलं कुठवर मोजलं ते आठवत नाही.

जाग आली ती बोलण्यानं. डोळे उघडले पण उठले नाही. गाल तसाच टेकलेला, त्यामुळे दारातून मला दिसले ते फक्त मेस्त्रींचे पाय. भेगाळलेल्या टाचा, अनवाणी, एकेक पायरी सावकाश उतरणारे. चपला हातात. रिक्षावाला विचारत होता, "मेस्त्री, झाला काम?"

"हळू उलय," मेस्त्री म्हणाले. "निजली ती."

रिक्षा सुरू न करता त्यानं ती वाटेपर्यंत ढकलत नेली. मी उठून गालावर हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.